उघाडीतून सोडलेलं पाणी

ठाण्याच्या खाडीकाठी आमचं गाव, आणि गावाचं मिळून एकच मोठं शेत, खारजमिनीचं. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा बांध. बांधात एक लाकडी फळीचं दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला फळी उचलून शेतातलं जास्तीचं पाणी सोडायचं, भरतीला फळी पाडून खारं पाणी बाहेर ठेवायचं. हे काम माझ्या बाबांकडे होतं. गावाचं वर्षभराचं पोट त्या फळीवर आणि बाबांच्या अंदाजावर अवलंबून असायचं. त्यांचा पावसाचा अंदाज कधी चुकत नाही, असं लोक म्हणायचे. चुकेपर्यंत सगळ्यांबद्दल तसंच म्हणतात.

त्या वर्षी माझं लग्न नुकतंच झालं होतं. दसरा उलटला होता, दाणा दुधात होता, आणि पावसाळ्याचं गोडं पाणी शेतात घोट्याएवढं राखून ठेवलेलं. तेवढं पाणी वर असलं की मातीतलं मीठ खाली दबून राहतं. ऐन दिवाळीत, अमावास्येला, समुद्राकडून तुफान आलं. आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं झालं. अशा वेळी आमच्याकडे एकच रीत. भरल्या शेतावर मोठा पाऊस कोसळला तर बांध आतून फुटतो, म्हणून आधी पाणी सोडून जागा करायची. आजोबांच्या वेळी हे केलं नव्हतं आणि बांध गेला होता. त्याची गोष्ट ऐकतच आम्ही वाढलो.

सकाळच्या ओहोटीला बाबांनी फळी उचलली. "समदं पानी सोरा," ते म्हणाले. "आभाल भरून आयलाय. दुपारपर्यंत शेत परत भरल."

साऱ्या गावाने मान डोलावली. त्यात मीही होतो.

दुपारी आलं ते नुसतं वारं. पाऊस दिसत होता, पण खाडीपलीकडे, पारसिकच्या डोंगरामागे, दिव्यापासून थेट कल्याणपर्यंत लावलेल्या पडद्यासारखा. समुद्राचा पाऊस आमच्या डोक्यावरून गेल्याशिवाय तो डोंगर ओलांडत नाही, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललेलो. तुफानाला आमच्या पिढ्यांशी काय देणंघेणं! वाऱ्याने उधाणाची भरती बांधावर चढवली, बांध बाहेरून फुटला आणि रिकाम्या केलेल्या शेतात खाडी शिरली. पाणी आत असतं तर खाऱ्याला एवढी जागा मिळाली नसती. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

अजून एक आशा होती. दोन-चार दिवसांत चांगला पाऊस पडला तर मीठ धुऊन जातं आणि भात जगतो. बाबा बांधावर बसून पूर्वेकडे बघत राहिले. तिकडे झोडपत होता. आमच्याकडे भाताची पानं टोकापासून करपत गेली.

पाणी ओसरल्यावर आत्या कल्याणहून आली. तिचं घर पडलं होतं, भात पाण्याखाली कुजला होता. ती रडत म्हणाली, "दादा, तुमच्यावर देवाची किरपा. तुमच्याकडं थेंब नाय परला."

बाबांनी तिला विचारलं, "पानी गोडंच होतं ना गो?"

तिने पदराने डोळे पुसले. "गोडंच रे," ती म्हणाली. मला बाबांची लाज वाटली आणि त्याच क्षणी त्यांची कीवही आली.

बांध पुन्हा नीट उभा राहिला नाही. दर उधाणाला खाडी आत यायची. दोन पावसाळे झाले तरी बाबा मातीची चिमूट जिभेवर ठेवायचे आणि थुंकायचे. शेवटी ती जमीन एका मिठागरवाल्याने घेतली, बांध बांधला, वाफे पाडले. भरती-ओहोटी बाबांएवढी कुणाला कळत नव्हती, म्हणून उघाडी त्यांच्याचकडे राहिली. काम तेवढं उलटं झालं. आयुष्यभर खारं पाणी बाहेर ठेवलेला माणूस आता भरतीला फळी उचलून तेच आत घेऊ लागला.

मग एका वैशाखात, वाफ्यांत मीठ तयार असताना, अवकाळी पाऊस आला. नेमका आमच्यावरच, पलीकडचा पारसिक उन्हात होता. मुकादम ओरडत आला, "म्हाताऱ्या, फळी उचल! पाणी सोड!"

बाबा फळीवर जाऊन बसले. पावसाकडे तोंड करून म्हणाले, "आता आयलास?"

मी जवळ गेलो, हात धरला, विनवण्या केल्या. ते हलले नाहीत. "एकदा सोरलंय," एवढंच म्हणाले. मीठ विरघळलं, बाबांचं काम गेलं, आणि आम्हाला गाव सोडावं लागलं.

त्या दिवशी पाऊस थांबल्यावर त्यांनी वाफ्यातलं ओंजळभर पाणी घेऊन माझ्यापुढे धरलं. मी चव घेतली आणि गोडं आहे म्हणून सांगितलं. ते खारट होतं.