बागवाल्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला आम्ही आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. पुण्यात मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. इथे मला काम करायची परवानगी होती, पण प्रत्येक मुलाखतीचं गाडं शेवटी डच भाषेपाशी येऊन अडायचं. मुलीला शाळेत सोडलं की घर अगदी गप्प व्हायचं. मग मी सायकल काढून लायब्ररीत जाऊन बसायची. तिथे निदान चार माणसं दिसायची.

एका शनिवारी मुलीची पुस्तकं परत करायला गेले, तर खालच्या मजल्यावर टेबलं मांडलेली होती. ‘जुना लॅपटॉप टाकू नका, इथे आणा’ असा बोर्ड मी अडखळत वाचला. एका टेबलाशी एक निवृत्त शिक्षक कुणाच्या तरी लॅपटॉपवर लिनक्स चढवत होते. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही वापरावी अशी ही सिस्टिम पुण्यात माझ्या रोजच्या कामात होती. मी मागे उभी राहून बघत होते. न राहवून इंग्रजीत म्हणाले, “ते पार्टिशन नको, डिस्कच्या त्या भागात त्यांच्या फायली आहेत. दुसरं निवडा.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, आणि शेजारची खुर्ची पायानं पुढे सरकवली. “येतंय तुम्हाला. बसा मग.”

अशी मी तिथली झाले.

माझ्या वाट्याला आलेली पहिली व्यक्ती म्हणजे सत्तरी ओलांडलेली एक बाई. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप तिनं माझ्यापुढे ठेवला. मी इंग्रजीत सुरुवात केली, तर हात वर करून म्हणाली, “डच बोला. तुम्ही इथे राहता ना?” सुरात राग नव्हता, पण सूटही नव्हती. शिक्षक दुसऱ्या कुणात तरी गुंतलेले. मी माझं मोडकंतोडकं डच बाहेर काढलं.

तिचं म्हणणं एवढंच की लॅपटॉप उत्तम चालतो, पण त्यातल्या सिस्टिमची नवी आवृत्ती त्यावर बसत नाही म्हणून दुकानदार त्याला भंगार म्हणतो. गावाबाहेर भाड्यानं मिळणारे बागेचे तुकडे असतात, तिथल्या बागवाल्यांच्या मंडळाचं मासिक पत्रक ती त्यावर तयार करायची.

“आणि हे तुमचं लिनक्स फुकट?”

“हो.”

“मग मेख कुठे आहे?”

मला सांगायचं होतं की ते नुसतं फुकट नाही, मोकळंही आहे. डचमध्येही या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, ख्राटिस आणि फ्रेइ. शब्द आठवले, पण पुढचं वाक्य काही जुळेना. “बनवणारे लोक... आत कसं आहे तेही देतात. तुम्ही बदला. शेजाऱ्याला द्या. चालतं,” असं काहीतरी मी बोलले.

ती म्हणाली, “म्हणजे माझ्या घेवड्यासारखं. मी दरवर्षी बी वाळवून ठेवते आणि मागेल त्याला देते. त्यानं ते कुठे लावावं, पुढे कुणाला द्यावं, हे मी विचारायला जात नाही.”

“अगदी तसंच!” मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की लायब्ररीतली दोन-तीन डोकी वळली.

आधी तिच्या फायली सुरक्षित काढून ठेवल्या. मग लॅपटॉपमधलं काही न बदलता, पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करून तिला खेळू दिलं. तिला ते पटल्यावर कायमचं चढवलं. आणि वायफाय दिसेना! सर्व्हरच्या खोलीत मला वायफाय कधी लागलंच नव्हतं. शेवटी माझा फोन केबलनं जोडून इंटरनेट घेतलं, वायफाय चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, उतरवला, आणि वायफाय आलं. तेवढ्या वेळात तिनं माझं डच किती वेळा सुधारलं, देव जाणे. डचमध्ये नामाआधी ‘डे’ किंवा ‘हेट’ लागतं; जिथे ‘हेट’ हवं तिथे मी ‘डे’ म्हटलं की ती बोटानं टेबलावर टक् करायची.

पुढच्या शनिवारी ती परत आली ती चिडूनच. “माझं पत्रक बिघडलं. अक्षरं बदलली, शेवटची ओळ दुसऱ्या पानावर गेली.” जुने फॉन्ट नव्या सिस्टिमवर नव्हते. हे मी तिला आधी सांगायला हवं होतं, तसं म्हणालेही. आम्ही दोघी तासभर बसून मापात बसणारा दुसरा फॉन्ट शोधत राहिलो. एक सापडला. तिनं पान जवळून बघितलं, लांबून बघितलं, आणि म्हणाली, “आधीपेक्षा बरं दिसतंय. पण हे तू कुणाला सांगू नकोस.” त्या दिवसापासून ती मला ‘तू’ म्हणू लागली.

तिनं पत्रकात लिनक्सबद्दल चार ओळी लिहिल्या आणि बागवाल्यांनी लायब्ररीला विचारलं, एकदा ओळख करून द्याल का? शिक्षक म्हणाले, “तूच कर. मी मागे बसतो.” आठवडाभर मी स्वयंपाकघरात भाषणाचा सराव करत होते. मुलगी पोळी खाता खाता ऐकायची. मी स्क्रीनला ‘शेर्म’ म्हटलं की हसून लोळायची. “आई, नो! स्खेर्म! से इट, स्खेर्म!”

भाषणाची सुरुवात बरी झाली. मग पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, बँकेचं काम यावर चालतं का? चालतं, ब्राउझरमधून चालतं, पण ते सांगताना माझी जीभ अडली ती अडलीच. आजोबा कोट उचलत म्हणाले, “माझा मुलगा सांगतो, हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम आहे. आपलं नाही.”

“मी चालवते की,” मागून आवाज आला. बाई उठून पुढे आली, माझ्या हातातून माउस घेतला आणि स्वतःचं पत्रक उघडलं. छापायला गेली आणि भलतीच खिडकी उघडली. “हे नव्हे,” असं म्हणून ती बंद केली, पुन्हा भलतीच उघडली. लोक हसले, तीही हसली. तिसऱ्यांदा जमलं. मग तिनं आजोबांना बोलावून बँकेचं पान उघडून दाखवलं. “पासवर्ड मात्र घरी जाऊन टाका,” म्हणाली. आजोबांनी कोट पुन्हा खुर्चीवर ठेवला.

त्यानंतर माझं भाषण कुणाला हवं होतं! खुर्च्या टेबलांभोवती सरकल्या, पिशव्यांतून लॅपटॉप निघाले. मी या टेबलाकडून त्या टेबलाकडे फिरत राहिले. माझं डच चुकत होतं, पण कुणाचं काही अडत नव्हतं.

पुढच्या वर्षी लायडनच्या एका प्रयोगशाळेत कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी मिळाली. मुलाखत डचमध्ये झाली. मी बागवाल्यांची हकिकत सांगितली, तेव्हा समोरचे दोघे पुढे झुकून ऐकत होते. शनिवार मी अजून सोडलेला नाही.

परवा लायब्ररीत आवराआवर करत होते, तेव्हा बाई तिच्या लॅपटॉपवर भाषांची यादी चाळत बसली होती. “यात तुझी भाषा आहे?” मी मराठीवर बोट ठेवलं. तिनं मला न विचारता तीच निवडली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. सगळ्या मेनूंवर देवनागरी आली. कुणीतरी, कुठेतरी, आपल्या फावल्या वेळात एकेक शब्द बसवला होता. मीसुद्धा ते कधी बघितलं नव्हतं. आमच्या कामात सगळं इंग्रजीतच.

“वाच,” ती म्हणाली.

मी वाचत गेले. उघडा. जतन करा. रद्द करा. ती माझ्यामागे म्हणत होती, “झतन करा.” दोनदा सुधारलं, तरी ‘झतन’च. मग मी टेबलावर बोटानं टक् केलं. ती खो खो हसली.

“आता डच परत कसं आणायचं?” मी विचारलं.

“थांब, तू हात लावू नकोस,” ती म्हणाली आणि एक अक्षर वाचता येत नसताना, नुसत्या जागा आठवून, एकेक बटण दाबत आपल्या भाषेत परत गेली.