सोपानमामाचा ‘ह’

माणूस मेल्यावर तो आपलाच होता असं सांगायला, वाचकहो, फक्त हार आणायची ऐपत पुरते का?

गेल्या महिन्यात हिंगोलीत सोपानमामाची शोकसभा झाली. मामा हृदयविकाराने गेला तेव्हा दवाखान्याच्या पायरीपर्यंतही जे फिरकले नाहीत, ते हळदीचे शेटजी मंचावर मधोमध बसले होते. मागे फ्लेक्स, त्यावर मामाचा फोटो लहान आणि शेटजींच्या पाकिटावरचा, मामानेच काढलेला ‘ह’ पुरुषभर उंच. शेटजींनी डोळ्यांना रुमाल लावला, तो कोरडाच होता, आणि यापुढे प्रत्येक पाकिटावर ‘सोपानरावांच्या स्मृतीस’ असं छापू म्हणाले. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! जाहिरात कंपनीचा शहरातून आलेला एक गृहस्थ तर ‘मातीचा गंध असलेलं अक्षर’ हेच पुन्हा पुन्हा घोळवत होता. आमच्याकडे मेंढरं बसलेल्या मातीला लेंड्यांचा गंध येतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या अक्षराचा जन्म साखऱ्यातला, आमच्या गावातला. मामा औरंगाबादला चित्रकला शिकून परतला तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता. मामा साधाभोळा वगैरे मुळीच नव्हता. गर्विष्ठ, तिरसट, दुसऱ्याने रंगवलेली पाटी दिसली की नाक मुरडणारा. त्याने बोरू आणि कुंचले बाजूला टाकले आणि लोकरीचा बोळा हातात घेतला. आमच्याकडे प्रत्येक घराची मेंढरांच्या पाठीवर गेरूची वेगळी खूण असते, वाटेत दोन कळप मिसळले की त्यावरून आपापली मेंढरं निवडायची. लोकरीवर नाजूक रेघ टिकत नाही, म्हणून ती खूण जाड असते आणि दोन-तीन फटकाऱ्यांत संपते. त्याच बोळ्याने, त्याच गेरूने मामा अक्षरं काढू लागला. रद्दीचे गठ्ठेच्या गठ्ठे संपले, आणि एक दिवस असा ‘ह’ उतरला की जणू मान खाली घालून चरणारी मेंढी!

“वाचणाऱ्यायसाठी समदेच लिवतात,” तो म्हणायचा, “माझं अक्षर माझ्या मायला दुकानाच्या उंबऱ्यावरून वळखू आलं पायजे.” आजीला अक्षरओळख नव्हती. शेटजींनी तो ‘ह’ पाकिटावर घेतला आणि तसंच झालं. बाजारात बायका कंपनीचं नाव घ्यायच्याच नाहीत, “मेंढीवाली दे रे,” म्हणायच्या. मामाने स्वतः पुसेगावपासून हट्ट्यापर्यंत भिंती रंगवल्या, आणि त्या काळात त्याची मान कायम ताठ असायची.

पुढे काही वर्षांनी आजी एका दुपारी हात पुढे करून म्हणाली, “सोप्या, तुझी मेंढी रंग सोडून राहिली. दोनदा हात धुतला, पिवळा जाईना.”

“दुकानदारानं मिसळलं आसंल, माय.”

“पाकीट म्याच फोडलं ना रे. त्या दुकानदाराचं नाव काहून घेतो?”

मामाने वेगवेगळ्या दुकानांतून पाकिटं आणली आणि ती हळद पाण्यात टाकली. तळाला कण्यांचं पीठ बसलं, वर रंग तरंगला. आम्ही दोघं शेटजींकडे गेलो. त्यांनी चहा मागवला. “सोपानराव, अक्षर तुम्ही काढलं, हळद काय तुम्ही दळली का? जाने दो ना.” मामा म्हणाला, “माझ्या मायला वाचता येत न्हाई. तिनं तुमची हळद घेतलीच न्हाई शेटजी, माझा ‘ह’ घेतला.” शेटजी हसले. तसं हसणं फक्त ज्याचा माल खपतो त्यालाच जमतं. चहा आम्ही तसाच ठेवून उठलो.

वडील एका संघटनेत होते, तिची पत्रकं वाटतच मी वाढले, म्हणून मी म्हणाले, पत्रक काढू. मामा चिडला. “पत्रक वाचणारे मेंढीवाली घेतात व्हय? जे घेतात त्यायच्या काय कामाचं तुझं पत्रक?” मग बोलली ती आजी. आमच्यात मेंढरू विकलं की दोरी दुसऱ्याच्या हातात देण्याआधी आपली खूण कातरून काढतात. पुढे ते कोणाच्या शेतात शिरलं, रोगी निघालं, तर बोल आपल्या घराला लागू नये म्हणून. “खूण न कातरता इकलंस तू, लेकरा,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मामा चुन्याची बादली घेऊन आपलीच अक्षरं पुसत फिरू लागला. ज्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याच्या अक्षराला बरं म्हटलं नाही, तो आपलं सगळ्यात देखणं अक्षर पांढरं करत होता. पुसेगावला एक म्हातारे घरमालक बाहेर आले. “आरं, चांगली मेंढी काहून पुसून राहिला?”

“खुरकूत झालंय तिला, बाबा.”

“मंग माझ्या दारात कोनं बांधली व्हती?”

मी हसले. मामा हसला नाही. त्याने भिंतीवर चुन्याचा दुसरा हात दिला. शेटजींची माणसं मागून येऊन तोच ‘ह’ पुन्हा काढून जात, ऑइलपेंटने, मापं घेऊन, मेंढीचा बोका करून. मामा पुन्हा जाई. हट्ट्याकडच्या भिंती बाकी असतानाच तो गेला.

आणि आता पाकिटावर त्याचं नाव! जिवंतपणी अक्षर घेतलं, मेल्यावर नावही. सभेतल्या एकाही वक्त्याने ती हळद पाण्यात टाकून पाहिली नव्हती. सगळ्यांच्या घरी बहुधा चांगली, महागाची येते.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या भिंतीवर तो ‘ह’ असेल तर आजच चुना कालवा. भिंत नसेल तर बाजारात जाल तेव्हा दुकानाशी जरा थांबा. कोणी बाई “मेंढीवाली दे” म्हणाली, तर तिच्या हातातलं पाकीट खाली ठेवायला लावा आणि का ते तिला नीट सांगा. तिला हा लेख वाचता येणार नाही. तुम्ही वाचला आहे.