एक सायलेन्सर धुवायला लागलेलं पाणी

सायलेन्सरमध्ये कॉस्टिक भरून मी तो भिंतीला टेकवून उभा केला, गॉगल कपाळावर सरकवला आणि घाम पुसला. तेवढ्यात पाईप वाकतो तिथून बारीक चर्र असा आवाज आला. बघायला म्हणून खाली वाकलो.

त्याआधी थोडं मागचं सांगतो. माझं ठाण्याजवळ दिव्यात छोटं गॅरेज आहे, एका चार मजली बिल्डिंगच्या तळाला. पूर्वी मी नौपाड्यात दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये कामाला होतो. तिथलं जुनं गिऱ्हाईक म्हणजे प्रधान सिस्टर. हेड नर्स म्हणून रिटायर झाल्या, पण नौपाड्यात त्यांना अजून सगळे सिस्टरच म्हणतात. त्यांच्या मिस्टरांची, म्हणजे साहेबांची, एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. दोन्ही बाजूंना एकेक लांब, क्रोम केलेला सायलेन्सर. गाडी कित्येक वर्षं सोसायटीच्या गळक्या टाकीखाली उभी होती, त्यामुळे दोन्ही पाईप गंजून तपकिरी झालेले. साहेबांच्या पंच्याहत्तरीला ती चालू करून दारात उभी करायची असं सिस्टरांनी ठरवलं आणि गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवली.

"सिस्टर, नवीन सायलेन्सर टाकू या. मार्केटमध्ये कॉपी मिळते," मी म्हटलं.

"कॉपीचा आवाज ह्यांना लगेच कळेल. हेच नीट कर."

"गंजाने आतून किती खाल्लंय, ते साफ केल्याशिवाय समजणार नाही."

"मग कर साफ. पेशंट तपासल्याशिवाय आम्ही तरी कुठे काय सांगायचो?"

बाहेरच्या गंजाला फार काही लागत नाही. पोळ्या गुंडाळतो ती फॉइल चुरगाळायची, पाण्यात बुडवायची आणि घासत बसायचं. क्रोम शिल्लक असेल तिथे चमक परत येते. आतलं काम वेगळं. टू-स्ट्रोक गाडी पेट्रोलबरोबर ऑइलपण जाळते. ते अर्धवट जळलेलं ऑइल पाईपात डांबरासारखं चिकटून बसतं. ते काढायला पाईपाच्या एका तोंडाला लाकडी बूच ठोकायचं आणि दुसऱ्या तोंडातून कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी भरायचं. कॉस्टिक म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तेच.

उजवा पाईप आदल्या दिवशी छान निघालेला. डावा त्याच्यापेक्षा बरा दिसत होता. खालून तर चकचकीत. मला वाटलं, चला, अर्धं काम वाचलं. प्रत्यक्षात तिथे भोक होतं. कुणीतरी, कधीतरी त्यात ॲल्युमिनियमची पुट्टी भरून वर सिल्व्हर कलर मारलेला. कॉस्टिक लोखंडाला काही करत नाही, पण ॲल्युमिनियम खातं. तो चर्र आवाज त्याचाच होता.

मी वाकलो आणि पुट्टी उडाली. कॉस्टिकची चिळकांडी थेट उजव्या डोळ्यात.

मी किंचाळलो असणार. मला आठवतं ते एवढंच, की मी दोन्ही हातांनी डोळा दाबून धरला होता आणि कुणीतरी ते हात ओढून काढत होतं. प्रधान सिस्टर. काम कुठवर आलंय ते बघायला नेमक्या त्या दिवशी आलेल्या, आणि स्टुलावर बसून चहा पीत होत्या.

"काय उडालं? ॲसिड?"

"कॉस्टिक."

"नळ कुठेय?"

नळ होता. पाणी नव्हतं. दिव्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमच्या लाईनला पहाटे पाणी येतं, तेही रोज नाही. आलं की लोक हंडे, कळश्या, बाटल्या, मिळेल त्यात भरून ठेवतात. माझ्या ड्रममध्ये पाणी होतं, पण त्यात ग्रीसचे हात बुडवून बुडवून ते काळं झालेलं. सिस्टरांनी पर्समधली स्वतःची बाटली माझ्या डोळ्यात रिकामी केली आणि रस्त्यावर जाऊन ओरडल्या, "पाणी आणा! स्वच्छ पाणी! माणसाचा डोळा जातोय!"

पहिल्या मजल्यावर कदम वहिनी राहतात. माझं आणि त्यांचं फारसं पटायचं नाही. मी गाडी रेस केली की गॅलरीतून हाक यायची, "ओ गॅरेजवाले, पोरीचा अभ्यास चाललाय!" त्या सगळ्यात आधी खाली आल्या, कडेवर भरलेला हंडा घेऊन.

सिस्टरांनी मला जमिनीवर आडवं केलं, मान उजवीकडे वळवली आणि दोन बोटांनी पापण्या फाकवून धरल्या. "ओता. हळूहळू, पण थांबू नका."

"सिस्टर, आग होतेय..."

"होणारच. शिव्या घाल मला, पण डोळा मिटू नकोस."

मला काहीच दिसत नव्हतं. फक्त जिन्यावर चपलांचे आवाज ऐकू येत होते. वर जाणारे, खाली येणारे. भांडी आपटत होती. कुणीतरी बाई विचारत होती, "ताई, हे फिल्टरचं आहे, चालेल ना?"

"चालेल काय, उत्तम! द्या इकडे."

मी मध्येच म्हटलं, "बस झालं आता. लोकांचं प्यायचं पाणी आहे."

"गप्प पड," सिस्टर म्हणाल्या. "ॲसिड वरवर भाजतं. हे आत आत जात राहतं. ते थांबेपर्यंत मी थांबणार नाही."

"वहिनी, तुमचा स्वयंपाक..."

"आधी डोळा सांभाळा हो," कदम वहिनींचा आवाज आला. "भात काय पळून जातोय?"

अर्धा तास तरी हे चाललं असेल. अख्ख्या बिल्डिंगने साठवलेलं पाणी माझ्या डोक्यावरून गटारात गेलं. मग कुणीतरी रिक्षा आणली. कळव्यावरून ठाण्याला जाईपर्यंत सिस्टर बाटलीने पाणी मारत होत्या. रिक्षावाल्याची सीट भिजली.

डोळ्याच्या डॉक्टरांनी कॉस्टिक उरलंय का ते कळायला कागदाची एक पट्टी डोळ्याला लावून बघितली, पुन्हा धुतलं, मग तपासलं. "जागेवर कुणी धुतलं?"

"मी," सिस्टर म्हणाल्या. "पाणी ह्याच्या शेजाऱ्यांचं."

"जागेवर धुतला नसता, तर मला वेगळं काहीतरी सांगावं लागलं असतं," डॉक्टर म्हणाले.

पुढचे काही आठवडे घरी. ड्रॉप्स, पट्टी, अंधार. रोज सकाळी मी चांगला डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचो. आधी नुसता पांढरा चौकोन. मग एक दिवस त्यात लाल ठिपके दिसले. रविवार होते ते. बायकोला जोरात हाक मारली. तिला वाटलं, दुखतंय.

पट्टी निघाल्यावर पहिला कदम वहिनींकडे गेलो. विचारलं, "त्या दिवशी जेवणाचं काय केलंत?"

"वडापाव आणला. पोरं खूश. म्हणतात, काकांना परत कधी लागणारे?" मग माझा डोळा नीट निरखून म्हणाल्या, "लाल आहे अजून. धुळीत जाऊ नका एवढ्यात."

मी हात जोडले. त्यांनी मला चहा दिला.

साहेबांची पंच्याहत्तरी तोवर होऊन गेलेली. मी सिस्टरांना सॉरी म्हटलं, तर म्हणाल्या, "पंच्याहत्तरी वर्षभर असते. सावकाश कर." डाव्या पाईपाचा सडका भाग कापून काढला, त्याच गोलाईचा पत्रा ठोकून बसवला, वेल्डिंग करून घासून सपाट केला. दोन्ही पाईप डोंबिवलीला क्रोमिंगला दिले. आल्यावर जोडले, ऑइल घातलं, किक मारली. चौथ्या किकला निळा धूर आणि ती खणखणीत फट्-फट्. नौपाड्यात गाडी दारात उभी केली तेव्हा साहेब काठी टेकत खाली आले. पाईपांवरून हात फिरवला. मग माझ्या डोळ्याकडे बघितलं. "हिनं सांगितलं मला," ते म्हणाले. "एवढ्यासाठी नको होतं रे."

"साहेब, डोळा शाबूत आहे. गाडी बघा."

त्यांनी बघितली. बराच वेळ बघितली. सिस्टर दारात उभ्या होत्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला, तर मला उठवून आधी पापणी खाली ओढून तपासली.

आज त्या डोळ्याला कडेला थोडं धूसर दिसतं. कामाला अडत नाही.

नवीन मेकॅनिक विचारतात, तेव्हा मी तीनच गोष्टी सांगतो. जुना पाईप जिथे जास्त चकचकीत दिसेल, तिथे आधी हातोडीने ठोकून बघा. गॉगल डोळ्यावर ठेवा, कपाळाला काही होत नसतं. आणि गॅरेज टाकाल तिथे वरच्या मजल्यावरच्यांशी नीट वागा. गाडी रेस करायची असेल, तर कोपऱ्यापर्यंत ढकलत न्या.