आयव्हीखालची आठ नावं

आयव्हीच्या एका जुन्या वेलीचं खोड बुंध्याशी कापायचा हुकूम मी नेदरलंड्समधल्या डेल्फ्टच्या ऑफिसात, हीटरवर पाय टेकवून, एका ईमेलने सोडला. मी चौतीस वर्षांची होते, जुन्या वास्तूंच्या जतनात पीएचडी करून नावापुढे नुकतं डॉक्टर लागलं होतं. भिंतीला हात न लावता तिची नाडी कळते, असा माझा समज होता.

भिंत आयर्लंडमधल्या एका नदीकाठच्या पडक्या किल्ल्याची. बुरूज तोफांनी पाडला, मग गावाने घरांसाठी दगड नेले. उरल्यासुरल्या भिंतीच्या आडोशाला दुष्काळात बेघर झालेली माणसं राहिली. त्यांतल्या एका कुटुंबाने आपल्या मेलेल्या आठ मुलांची नावं खिडकीच्या दगडावर कोरली. पुढे त्यावर वेल चढली. राखणदार मायकल हा त्या घरातल्या जगलेल्या नवव्या मुलीचा पणतू. नावांचं लेझर-स्कॅन व्हावं म्हणून त्यानेच खटपट करून आम्हाला बोलावलं होतं.

त्याने कळवलं होतं : हातभर वेल काढा, तेवढ्या सांध्यांत चुना भरा, तो धरला की पुढची काढा. तीन उन्हाळे लागतील. मला तो शुद्ध अडाणीपणा वाटला. खोड कापलं की वेल आपोआप वाळून गळेल, स्कॅन स्वच्छ येईल.

बॉस यूप डच, त्यामुळे आडपडदा नाही.

"भिंत पाहिलीस?"

"फोटो पाहिलेत."

"मग फोटोच दुरुस्त कर."

मी हसले. प्रोजेक्ट माझा होता, त्याने अडवलं नाही.

वेल वाळली. सांध्यांतल्या चुन्याची कधीच माती झाली होती. दगड धरले होते ते मुळांनी. मुळं आकसली, हिवाळ्यात नदी पायाशी आली आणि भिंत खिडकीसकट पाण्यात गेली. स्कॅन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं.

तेव्हापासून काहीही कापायच्या आधी मी विचारते, यावर काय टिकून आहे? नातीचे केस कापतानाही विचारते. ती डचमध्ये काहीतरी पुटपुटते, ते मी ऐकलं नाही असं दाखवते.

भिंत पडल्याचं कळलं तशी मी आयर्लंडला गेले होते. मायकलने चहा दिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी वही काढली आणि म्हटलं, आठवतील ती नावं सांगा. आजीकडून ऐकलेली सात नावं त्याने सावकाश, स्पेलिंगसकट सांगितली. मी आठवं विचारलं.

"ते आजीलाही ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "ते वाचायलाच तर तुम्हाला बोलावलं होतं."