गुरुवारच्या गाड्या

“शायर, तुमी आधी गाडी बघता आन् मंग मोजता. मी आधी मोजतो. मंग सवड घावली तर बघतो.”

हे मला लालमहंमदचाचांनी एकाहत्तर सालच्या जानेवारीत ऐकवलं. आम्ही तेव्हा टाकळी आणि सांगवी या दोन गावांच्या मधोमध, नगरकडून येणारी सडक जिथे मिळते त्या फाट्यावर, एका बाभळीखाली गाड्या मोजत बसलो होतो. मी टाकळीच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करणारा कारकून होतो आणि त्या नोंदींच्या आडून कवी होतो. माझ्या कवितांत सडका पुष्कळ असत. काळ्या, अंतहीन आणि मुख्य म्हणजे निर्मनुष्य. त्यांवरून कधी साधी सायकलही गेली नव्हती. अशा माणसाला रहदारी मोजायला का पाठवलं असावं, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. शेवटी हेडक्लार्कनीच खुलासा केला, “कचेरीत तुमची उणीव कुणाला भासणार नव्हती.”

त्या हिवाळ्यात जिल्ह्यात जो तो काहीतरी मोजतच होता. शिरगणतीवाले दारांवर गेरूनं आकडे टाकत हिंडत होते. आमचं मोजणं वेगळं होतं. फाट्यावर दोन्ही गावांनी मिळून बाजारासाठी नवं आवार बांधायचं ठरवलं होतं. भुसार, भाजीपाला, जनावरं, सगळं एका जागी. नगरहून आलेल्या इंजिनिअरनं जागा पाहिली आणि सांगितलं, आधी दोन्ही गावांनी मिळून इथली आजची रहदारी मोजा, म्हणजे आवार झाल्यावर ती किती वाढेल याचा अंदाज येईल. दिवसाला सरासरी तीनशेच्या वर गाड्या असतील, तर आवाराचं फाटक मागच्या बाजूला काढावं लागेल आणि त्यासाठी नवा जोडरस्ता करावा लागेल. कमी असतील, तर फाटक समोर, थेट सडकेवर चालेल. जोडरस्त्याचा खर्च ज्या गावाची रहदारी जास्त, त्यानं जास्त उचलायचा.

एवढं सांगून इंजिनिअर गेला आणि दोन्ही गावांची संयुक्त समिती बसली.

टाकळीचा बाजार सोमवारी, सांगवीचा गुरुवारी. आमचे नगराध्यक्ष राधाकृष्णशेठ म्हणाले, सोमवारी मोजाल तर सगळी रहदारी आमच्याच माथी बसेल. सांगवीचे सरपंच आबासाहेब म्हणाले, मग गुरुवारी मोजून आमच्या माथी मारता काय? तासभर वाद झाला. मग कुणीतरी सुचवलं की सोमवार आणि गुरुवार दोन्ही वगळून उरलेले पाच दिवस मोजावेत. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. या दोन गावांचं एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाजाराच्या आवारासाठी रहदारी मोजायची आणि बाजाराचे दिवस तेवढे सोडायचे, यात काही चुकतंय असं खोलीतल्या एकालाही वाटलं नाही. इतिवृत्त मी लिहीत होतो. मलाही वाटलं नाही. मी ‘सर्वानुमते’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली.

एकमेकांवर विश्वास नव्हताच, म्हणून दोन्ही गावांनी आपापला एक मोजणारा द्यायचा ठरलं. रोजचा आकडा दोघांच्या सह्यांशिवाय धरायचा नाही. टाकळीनं मला दिलं, सांगवीनं चाचांना.

लालमहंमद शेख तीस वर्षं सांगवीच्या जकात नाक्यावर होते. बांबू उचलायचा, बांबू टाकायचा. साठीला आलेले, अंगानं काटक, डोक्यावर नाक्याची खाकी टोपी. नोकरी सुटली तरी टोपी सुटली नव्हती. मोजायची त्यांची एक रीत होती. मांडीशी डालड्याचे तीन रिकामे डबे ठेवायचे. बैलगाडी गेली की पहिल्यात चिंचोका, मोटार किंवा ट्रक गेला की दुसऱ्यात मक्याचा दाणा, सायकल गेली की तिसऱ्यात खडा. हात आपसूक जायचा. तोंडानं ते माझ्याशी बोलत असत, नजर भलतीकडे असे, आणि डब्यात टक् असा आवाज येई. लग्नात त्यांच्या वऱ्हाडाची गाडी जामखेडहून नाक्यावर आली, तेव्हा नवरदेवानं खाली उतरून बांबू उचलला, डब्यात चिंचोका टाकला आणि मगच तो पुन्हा नवरीशेजारी जाऊन बसला, असं सांगवीत सांगतात. मी विचारलं, तर म्हणाले, “गाडी गेली ती गेली. आत कोन बसलंय ते बघून चिंचोका टाकायचा का?”

माझ्याकडे छापील तक्ता होता, पेन्सिल होती आणि भाषेची जाण होती. उसाची गाडी आली की मी तिच्याकडे बघत राही. बैलांच्या तोंडचा फेस, मागे फरफटणारं शेंड्यांचं वाढं, गाडीवर उताणा झोपलेला तोडकरी. हे सगळं कशाचं तरी प्रतीक आहे असं मला वाटे. कशाचं, हे ठरेपर्यंत आणखी चार गाड्या गेलेल्या असत.

पहिल्या संध्याकाळी चाचांचा आकडा दोनशे चौदा आला. माझा एकशे एकाहत्तर.

“मधल्या गाड्या कुटं गेल्या, शायर?”

“दुपारी थोडं लक्ष विचलित झालं, चाचा.”

“थोडं न्हाई. त्रेचाळीस गाड्यांएवढं.”

मी माझा आकडा खोडला आणि दोनशे चौदा लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. पुढचे चारही दिवस मी असंच केलं. फक्त तिसऱ्या दिवसापासून खाडाखोड नको म्हणून आपला आकडा लिहिणंच बंद केलं. दिवस मावळताना चाचा डबे पालथे करायचे, बोटानं पाच-पाचाचे ढीग करायचे, आकडा सांगायचे आणि मी सुवाच्य अक्षरात तो तक्त्यात भरायचा. हस्ताक्षराबद्दल इंजिनिअरनं नंतर माझं कौतुक केलं.

फाट्याच्या उत्तरेला दहा-बारा घरांची वस्ती होती. चाचांचं घर तिथलंच. पाण्याची विहीर सडकेच्या दक्षिणेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीकडून एक बाई डोक्यावर घागर घेऊन आली आणि सडकेच्या कडेला थांबली. चाचा बोलता बोलता गप्प झाले आणि उठून उभे राहिले. बाईनं मान थोडी तिरकी केली, तशीच क्षणभर थांबली आणि सरळ पलीकडे गेली. चाचा खाली बसले.

“आमची घरवाली, रोशनबी,” ते म्हणाले. “दोनी डोळ्यांत मोतीबिंदू. कानानं रस्ता वलांडती.”

“मग तुम्ही हात धरून नेत का नाही?”

“धरून बघा तुमी!”

परतताना घागर भरलेली होती. ती आमच्यापाशी थांबली आणि भलतीकडे तोंड करून म्हणाली, “उभे राह्यलावता ना पुन्ना? कळतं मला. तुमची टाच वाजती.”

“मी कंबर मोकळी करत हुतो.”

“मी सडकेवर आले की बरी तुमची कंबर आखडती. बैलगाडीला घुंगरं असत्यात, टरकाची खडखड फर्लांगावरनं येती. फकस्त सायकलवाला मेला चोरावानी येतो. एवढं समजतं मला.” मग माझ्या दिशेनं मान वळवून, “ह्येच का ते कवी? दिसभर बगत बसायचा पगार मिळतो म्हनं?”

“व्हय,” चाचा म्हणाले, “आन् मोजायचं काम मी करतो.”

ती हसत गेली. मग चाचांनी मला इंजिनिअरचा नकाशा उघडायला लावला. समोरचं फाटक नेमकं विहिरीच्या वाटेवर होतं. तिथे ट्रक वळणार, मागेपुढे होणार, इंजिन सुरू ठेवून उभे राहणार.

“एक टरक ऐकू येतो, शायर. धा टरक उभे राहून घुरघुरत असले की त्यातला कोंता हालतोय ते डोळंवाल्यालाबी कळत न्हाई. फाटक मागं गेलं पायजे.”

“पण कालचा आकडा तर दोनशे चौदाच आला.”

“येनारच. बाजाराचा दिस सोडून बाजार मोजताय तुमी. सोमवारी आन् बिस्तरवारी मी बसनार हाय हितं. सांगितलं न्हाई तरी.”

सोमवारी मी घरी झोपलो होतो. गुरुवारी मात्र गेलो. चाचांना साथ द्यायला गेलो होतो असं आता लिहिलं तर कुणी खोटं म्हणणार नाही, पण ते खरं नाही. बाभळीखाली मला एक दीर्घ कविता सुचत होती आणि घरात ती पुढे सरकत नव्हती. सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत मी चाचांच्या खांद्याला खांदा लावून बसलो. सडकेवर गाड्यांना गाड्या भिडल्या होत्या. कोंबड्यांच्या डालग्या, कांद्याची पोती, दोरीला बांधलेली म्हसरं, टपावर माणसं बसलेले ट्रक. डब्यांत टक् टक् टक् चाललेलं. दुपारी रोशनबी कडेला आली आणि पुष्कळ वेळ तिथेच उभी राहिली. मान तिरकी करून ऐकायची, एक पाऊल टाकायची आणि मागे घ्यायची. शेवटी घागर रिकामीच घेऊन माघारी फिरली. मी तेव्हा पाचव्या ओळीत अडकलो होतो. ती परत गेल्याचं मी पाहिलं आणि ते सहाव्या ओळीत घेता येईल का, याचा विचार केला.

समितीची बैठक सांगवीच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात भरली. सगळे मोठे लोक बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. मी तक्ता वाचला. पाच दिवसांची सरासरी दोनशे सतरा. राधाकृष्णशेठनी आबासाहेबांकडे पाहिलं, आबासाहेबांनी राधाकृष्णशेठकडे. जोडरस्त्याचा खर्च वाचला होता. दोघांनीही पान लावायला घेतलं.

तेव्हा चाचा मागून पुढे आले. त्यांनी तीन डबे टेबलावर ठेवले. तोंडांना फडकी बांधलेली होती.

“ह्ये बिस्तरवारचं. अजून पालथं केलं न्हाई, पंचांम्होरं मोजावं म्हनून. सोमवारचा आकडा कागदावर हाय, पाचशे तीस. ह्यो त्याच्या वर जाईल. दोनी धरलं की सरासरी तीनशेच्या वर.”

आबासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “चाचा, चिंचोके काय, घरून आनूनबी टाकता येत्यात.”

“ह्याच डब्यावर तुमच्या गावाचा नाका तीस वर्सं चालला, आबासाहेब.”

“त्ये खरं हाय. पन नेम काय ठरला? दोन सह्या. दुसरी सही कुटंय?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. “सोमवारचं मागनं बघू. बिस्तरवारी शायर हुते. दिसभर माझ्या शेजारी.”

खोली माझ्याकडे वळली. मला एकदम फार उदात्त वाटलं. आयुष्यात प्रथमच माझ्या साक्षीनं जगात काही इकडचं तिकडे होणार होतं. मी उठलो. बुटक्या बाकात गुडघा अडकला, तो सोडवला आणि म्हणालो, “मी होतो. मी सही करतो.”

“करा की,” राधाकृष्णशेठ म्हणाले. ते माझे वरिष्ठ होते, आवाज अगदी मऊ होता. “फक्त एक सांगा. डबे उघडायच्या आधी तुमचा आकडा सांगा. चाचांचा आणि तुमचा जुळला की झालं. किती गाड्या गेल्या गुरुवारी?”

मी आठवू लागलो. मला डालग्या आठवल्या, धूळ आठवली, रिकामी घागर आठवली, अडलेली पाचवी ओळही आठवली. आकडा आठवेना, कारण तो नव्हताच. सगळे थांबले होते. काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून माझ्या धंद्यातला शब्द बाहेर पडला.

“असंख्य.”

आधी आबासाहेब हसले. मग राधाकृष्णशेठना पान तोंडात असताना ठसका लागला. ठसकतच ते म्हणाले, “लिहा ठरावात! गुरुवारची रहदारी: असंख्य!” मागच्या बाकावर कुणीतरी बाक बडवला. आणि हे लिहायचं मी बरेच दिवस टाळलं, पण मीही हसलो. सगळे हसत असताना एकट्यानं गंभीर राहायला जे लागतं, ते माझ्याजवळ फक्त कवितेत होतं.

तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं. तक्त्यातल्या पाच दिवसांचे आकडेसुद्धा याच डब्यांतून निघाले आहेत, माझी सही नुसती शोभेची आहे, तेव्हा एक तर सगळं धरा नाहीतर सगळं सोडा. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते बोललो असतो तर सोमवारी कचेरीत मला कुणी विचारलं असतं की पाच दिवस बाभळीखाली तुम्ही काय करत होता? मी बाकावर बसलो. इतिवृत्ताची वही पुढे ओढली.

आबासाहेबांनी डोळे पुसले आणि सांगितलं, “घ्या. सरासरी दोनशे सतरा. फाटक सडकेच्या बाजूला. सर्वानुमते.”

मी लिहिलं. लिहिताना वर पाहिलं नाही, पण टेबलाची कड मला दिसत होती. चाचांनी तीनही डब्यांची फडकी एकदा चाचपली. चिंचोक्याच्या डब्याची गाठ ढिली झाली होती, ती सोडून पुन्हा घट्ट बांधली. डबे एकावर एक रचून छातीशी धरले. टोपी नीट करायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती तशीच कलती राहिली. माझ्या बाकाजवळून जाताना ते थांबतील असं मला वाटलं, आणि काय म्हणतील याचीही मी तयारी केली. ते थांबले नाहीत. दाराशी पायानंच चपला सरळ केल्या आणि बाहेर पडले.