शमीमचा नियंत्रित गट

फोन आला तेव्हा मी रोह्याला बाइंडिंगवाल्याच्या दुकानात उभी होते. काउंटरवर शमीमच्या प्रबंधाच्या तीन प्रती, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, गोंदाचा वास अजून गेलेला नव्हता. स्क्रीनवर तिच्या मिस्टरांचं नाव दिसलं आणि मी यासीनभाईंना बोलूच दिलं नाही. "भाई, आधी तिला सांगा, झालं बरं का बांधून! एकदम मस्त दिसतंय." माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "मंगलताई, शमीम गेली. सकाळी." आणि मी काय बोलावं? "मग प्रती कधी आणू?" असं विचारलं मी. ते बिचारे म्हणाले, "आणा सावकाश." याला आता दीड महिना होऊन गेला. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते, आणि प्रती पुढे महिनाभर माझ्याच कपाटात पडून होत्या.

शमीम पेणजवळ एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायची, मी रोह्याला हायस्कूलमध्ये गणित शिकवते. आम्ही दोघी दूरशिक्षणाने शिक्षणशास्त्राचं एम.ए. करायला निघालो होतो, चाळिशी उलटल्यावर, घरच्यांच्या "आता कशाला?" ला न जुमानता. पेणच्या अभ्यासकेंद्रात रविवारी वर्ग असत. पहिल्याच रविवारी माझ्या संशोधन आराखड्यात "साधारण" हा शब्द तीनदा आला म्हणून या बाईने, ओळख ना पाळख, लाल पेनाने तिन्ही ठिकाणी गोल केले. वर विचारते कशी, "साधारण म्हंजे किती गो? मोजलंस का?" मी चिडले. जेवणाच्या सुट्टीत तिने डब्यातली तांदळाची भाकरी आणि कालवण माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "राग आला तर आला, पण उपाशी नको ऱ्हाऊ." तिथून आमचं जे जमलं ते जमलं.

तिचा विषय तिला शोधायला लागला नाही, समोरच बसलेला होता. तिच्या गावात आणि पलीकडच्या जोहे गावात घरोघर गणपतीचे कारखाने. गणपतीच्या आधीचे दोन-अडीच महिने आयांना मान वर करायला फुरसत नसते, आणि मुलंही दुपारनंतर त्यांच्यासोबत कारखान्यात, मूर्तीला पॉलिशपेपर घासत बसलेली. नेमकी तेव्हाच वाचनाची गाडी अडते. शमीमने शब्दकार्डांचा एक उपक्रम तयार केला. पट्टीने आखलेली, स्वतःच्या हाताने लिहिलेली कार्डं... साचा, सोंड, रंग, भट्टी, पाट, असे मुलांच्या हाताखालचे शब्द. तिथल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी ती बघून सांगितलं होतं, "फरक दिसला तर पुढच्या वर्षी केंद्रातल्या सगळ्या शाळांत लावू." म्हणून तिला हा प्रबंध नुसत्या पदवीसाठी नको होता. त्या सगळ्या शाळांसाठी हवा होता.

आता फरक दाखवायचा तर तुलना हवी. वर्गातल्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला कार्डं द्यायची, तो प्रायोगिक गट. दुसऱ्याला नेहमीसारखंच शिकवायचं, कार्डं दाखवायचीसुद्धा नाहीत, तो नियंत्रित गट. शेवटी दोघांची चाचणी. हे मी तिला समजावलं नाही, तिनेच मला समजावलं होतं, फळ्यावर आकृती काढून. आमचे मार्गदर्शक सर म्हणायचे, पद्धत शिकायची तर शमीमबाईंच्या वहीतून शिका.

नंतर ती आजारी पडली. पनवेलच्या हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्या, हात थरथरायचा, म्हणून आकडेमोड आणि टायपिंग माझ्याकडे आलं. मी गुण भरले, उत्तर बघितलं आणि पुन्हा भरले. तीनदा केलं. दोन्ही गट सुधारलेले, पण जवळजवळ सारखेच! सर म्हणाले, "मुलं वयाप्रमाणे वाढतातच. उपक्रमाचा परिणाम दिसत नाही, असंच लिहावं लागेल." मी तणतणत तिच्या घरी गेले. दोन वर्षं घासली आणि हाती काय, शून्य! ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी लिहिलेलं पाचवं प्रकरण तिने वाचलं. "सदर उपक्रमाचा वाचनक्षमतेवर परिणाम आढळून आला नाही" या वाक्यापाशी तिचं बोट बराच वेळ थांबलं. मला वाटलं, आता भांडेल. तर म्हणाली, "चहा घेणार ना?" आणि सही केली. एका शब्दासाठी माझ्याशी तासभर वाद घालणारी ही बाई! मी समजले, थकली असेल. केंद्रप्रमुखांनाही मीच कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे फायदा नाही तर. जाऊ द्या."

ती गेल्यावर पंधराएक दिवसांनी तिच्या शाळेत शोकसभा झाली. संपल्यावर एक बाई माझ्याजवळ आली, हाताला शाडू तसाच वाळलेला. "तुमी बाईंच्या मैत्रीन ना? माजी पोर त्यांच्याच वर्गात व्हती. चिट्टीत नाव नाय आलं म्हनून रडून रडून जीव खाल्लान माजा." मी म्हटलं, हो, ती नियंत्रित गटात असेल. "त्ये मला नाय म्हाईत. पन बाई मंग रोज येयाच्या ना कारखान्यात, शाला सुटल्यावर. ज्यांची नावं नाय आली त्या सगल्या पोरांना घिऊन बसायच्या, तीच कार्डं घिऊन. म्हनायच्या, कोनाला बोलू नका गो."

मी म्हटलं, तुमचा काही घोटाळा होतोय. तर तिने मला हाताला धरून जोह्याला नेलं. कारखान्याच्या मागच्या पत्र्यावर मूर्तीच्या उरलेल्या निळ्या रंगाने लिहिलेलं होतं. अक्षर शमीमचं, त्यात शंकाच नाही. नियंत्रित गटातल्या एकेका मुलाचं नाव, पुढे तारखा, आणि प्रत्येक तारखेखाली मिनिटं. प्रायोगिक गटाला शाळेत जेवढी, तेवढीच. एका मुलाचा एक दिवस बुडाला होता, तो दुसऱ्या दिवशी भरून काढला होता, तीही नोंद. पद्धत मोडली तीसुद्धा या बाईने पद्धतशीर मोडली होती! मला हसू आलं आणि त्याच क्षणी इतका संताप आला की त्या पत्र्यावर हात आपटावासा वाटला. अगं, एवढं करतेस आणि मला आकडे देतेस? मी रात्रंदिवस त्यात डोकं घालून बसले, आणि तू चहा विचारतेस?

तेव्हापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय. याला फसवणूक म्हणू? तिने एकाही मुलाचा गुण बदलला नाही. मग प्रामाणिकपणा म्हणू? खोट्या वाक्याखाली सही केलीच की. ते वाक्य तसंच ठेवलं तर कार्डं कायमची कपाटात जातील. खरं लिहिलं तर मेलेल्या मैत्रिणीच्या नावावर तिच्याच प्रबंधात ठपका, आणि तोही माझ्या हातून. सर म्हणाले, "आता तोंडी परीक्षा कोणाची घेणार? पदवी काही मिळायची नाही. कशाला उकरताय?" घरी येऊन मी त्यांच्यावर चिडले, मग तिच्यावर, मग स्वतःवर.

शेवटी गेल्या रविवारी तिन्ही प्रती घेऊन यासीनभाईंकडे गेले. ते कुवेतची नोकरी सोडून तिच्या आजारपणात परत आले होते ते इथेच आहेत. तिच्या चाळिसाव्या दिवसाचं नुकतंच झालं होतं. मी सगळं सांगितलं, चाचरत. ते ऐकत होते, मग म्हणाले, "म्हंजे अर्ध्या पोरांना शिकवायचं नाय असं ठरलेलं, आनि तिनं सगल्यांना शिकवलंन?" मी म्हटलं, हो, तसंच. "मंग लिवा की ताई. यात लपवायचं काय? बाईच हाय ती, शिकवनारच."

तिथेच बसून मी तिन्ही प्रतींतलं ते वाक्य खोडलं आणि शेजारी लिहिलं : "संशोधिकेने नियंत्रित गटालाही तोच उपक्रम तेवढाच वेळ दिला. त्यामुळे तुलना झालेली नाही. दोन्ही गटांतील मुले वाचू लागली." खाली माझी सही केली. एक प्रत घेऊन मंगळवारी केंद्रप्रमुखांकडे गेले. त्यांनी वाचलं, टक्कल खाजवलं आणि म्हणाले, "कार्डं आहेत ना शिल्लक? दोन शाळांत लावून तर बघू." पुढे काय होईल देव जाणे.

पण एक गोष्ट अजून सुटत नव्हती. तिने मला का सांगितलं नाही? सगळं सांगायची, नणंदेची भांडणं, रिपोर्टमधले आकडे, भीती वाटते तेसुद्धा... मग हेच का नाही? परवा घरी भांडी घासताना उत्तर सापडलं, आणि मी नळ तसाच सोडून खाली बसले. तिने सांगितलं असतं तर मी तिला थांबवलं असतं. पद्धत म्हणजे पद्धत, म्हणाले असते. ती पोरं तशीच राहिली असती. शमीमला हे ठाऊक होतं.