शेपटीलाही टिळा

आमच्या पिंप्राळ्यातल्या शेजाऱ्यांनी रिमोटवर उडणारं, शर्यतीचं हातभर विमान बनवलं. चार महिने ते पंखांना पॉलिश पेपर घासत होते आणि मी शेजारी बसून सल्ले देत होतो. माझा अनुभव वहीच्या पानांच्या विमानांचा! रंगसुद्धा ते काट्यावर तोलून लावायचे. मी पंखाला हात लावला की म्हणायचे, "भाऊ, घामले बी वजन शे!"

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी आमच्या हिने नव्या गाडीला लावतात तसा विमानाच्या नाकावर कुंकवाचा भरघोस टिळा लावला, वर तांदूळ चिकटवले. त्यांनी विमान दोन बोटांवर तोललं. नाक खाली गेलं. असं उडवलं तर चार महिन्यांची मेहनत थेट जमिनीत. पण टिळा पुसायचा कसा? आमच्या हिचा चेहरा पडला.

"वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले, "आते शेपटीले बी लावा."

शेपटीला नखाएवढा टिळा आणि तीन तांदूळ पुरले. विमान बोटांवर सरळ झालं.

मैदानात ते सुसाट उडालं. "बठ्ठं बरोबर शे!" सगळं बरोबर जमल्याच्या आनंदाने ते ओरडले. मी मात्र चपला सोडून, हात पसरून विमानाखाली धावत होतो. पडलंच तर झेलायला.